पासूसा गुरुजींनी परत घेतलेला नियम

पासूसा गुरुजी काल वर्गात कोणाला किती टाकून बोलले, हे आज गावाला त्यांच्या ताटावरून कळायचं. गुरुजी एकटे होते. जेवण समाजाच्या घरांत वारानं ठरलेलं. पाटावर बसले की वाढणारीला आधीच सांगायचे, "आज मीठ नको, बाई." म्हणजे काल कोणाला तरी जिभेनं सोलून काढलं आहे. "आज दूध-तूप काईच नको," म्हणजे प्रकरण मोठं. एकदा तर चार दिवस नुसती ज्वारीची भाकरी आणि पाणी चाललं होतं. कोणाला काय बोलले ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण घराघरांत आपापल्या पोरांच्या उलटतपासण्या झाल्या.

आमचं गाव शिरपूरपासून तीन कोसांवर. जैनांची पंधरा-वीस घरं, एक लहानसं दिगंबर मंदिर, आणि मंदिराच्या ओसरीत दुपारी तीनपासून दिवस कलेपर्यंत गुरुजींचा धर्माचा वर्ग. हे सगळं स्वातंत्र्याच्या दहाएक वर्षं आधीचं. वर्गात आम्ही अकरा जण, तेरा ते सोळा वर्षांचे. त्याच्या आतल्यांना गुरुजी घेत नसत आणि त्याच्या पुढची हाती लागत नसत, कारण तोवर पोरं दुकानात बसलेली आणि पोरी सासरी गेलेल्या. या दोन-तीन वर्षांत जे काय आत घालायचं ते घालून टाकायचं, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळं त्यांच्या वर्गात मोकळा श्वास घ्यायची सोय नव्हती.

मधे चौरंग, चौरंगावर रुमालात बांधलेली दहा अध्यायांची पोथी, एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला आम्ही पोरी. गुरुजी बसायच्या आधी उपरण्याच्या टोकानं सतरंजी हळूहळू झाडायचे, मुंगी राहिली नाही ना याची खात्री करायचे, आणि मग बसल्या बसल्या आमच्यावर तुटून पडायचे. कधी कोणाला उठवतील याचा नेम नसे. सूत्र धडाधडा म्हणून दाखवलं की खूश होतील असं नव्या पोरांना वाटायचं. गुरुजी मान वाकडी करून विचारायचे, "तोंडाले आलं. पोटात गेलं काय?" पोरगा पुन्हा तेच सूत्र म्हणायला लागायचा. "मंग बस खाली. शास्त्र म्हंजे लोनचं नाही बाप्पा, बरनीत भरून ठेवाले." कोणी घाईघाईनं पुढचं सूत्र धरलं तर म्हणायचे, "घाई कायची? मोक्ष म्हंजे जऊळक्याची गाडी आहे काय, सुटून जाईन?"

हात त्यांनी कोणावर उचलला नाही. मारणं ही हिंसा, तेव्हा छडी मंदिरात यायचीच नाही. पण जीभ! दुखवणारं बोलणं हीसुद्धा हिंसाच, हे आम्हाला शिकवणारे तेच होते, आणि वर्गात रोज ती करणारेही तेच. म्हणून ते ताटातलं मीठ सोडणं.

शांताचा प्रसंग मला अजून आठवतो. ओसरीतलं प्यायचं पाणी आम्ही पोरी पाळीपाळीनं भरायचो. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, आणि कापडात जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात ते गाळलेल्या पाण्यानंच धुऊन, बादलीतून हलकेच सोडून, त्याच विहिरीत परत पोचवायचे. आमच्या घरांत हे पोरी बोलायला लागण्याआधी शिकतात. त्या दिवशी शांतानं कंटाळा केला आणि ते कापड धुतलेलं पाणी मोगऱ्याच्या आळ्यात ओतलं. गुरुजींनी ते ओसरीतून पाहिलं.

"शांते, किती जीव मारले आज? मोजून सांग."

शांतानं कापड पाठीमागं लपवलं.

"नाही मोजता येत? माराले येते, मोजाले येत नाही. उद्यापासून माह्या वर्गात कसाबाची पोरगी बसते, असं सांगू काय लोकायले?"

शांता उचकी लागेपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा वार आमच्याकडे होता. त्यांनी मीठ नको म्हटलं, दूधही नको म्हटलं. माझ्या आईनं चुलीपाशी मला हळूच विचारलं, "कोनाले बोलले वं काल?" ते गुरुजींना ऐकू गेलं असणार. त्यांनी मान वर केली नाही. अळणी वरण भातावर घेतलं आणि मुकाट्यानं जेवले. 'चुकलो' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी वर्गात शांताला सर्वांत सोपा प्रश्न आला, एवढंच.

आता माझ्याबद्दल. मी खादाड होते, हे आधीच सांगून टाकते. चौदा वर्षांची, अंगानं भरलेली, पाठांतरात सगळ्यांच्या पुढं आणि परकराच्या ओच्यात कायम गूळ-शेंगदाणे. श्रावणात गुरुजी तपाचं प्रकरण शिकवत होते. ते शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा. महिनोन्‌महिने एका जागी उभे राहिलेले, अंगावर वेली चढल्या तरी न हललेले तपस्वी ते असे सांगायचे की आमच्या अंगावर काटा यायचा. चौदाव्या वर्षी अर्धंमुर्धं काही आवडत नाही. आम्हाला प्रत्येकाला वाटायचं की उभं राहावं तर असं. मीही ऐकताना भान हरपून बसले होते आणि त्याच भरात ओच्यातला शेंगदाणा तोंडात टाकला. गुरुजींनी पाहिलं.

"रतने, तुले दहाच्या दहा अध्याय पाठ होतीन. पन दहा घंटे उपास काई होनार नाही. तुह्या मोक्ष शेंगदान्यात अटकला."

वर्ग हसला. पोरांची बाजू जास्त हसली. माझ्या कानशिलांना आग लागली. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी मीठ सोडलं असेल. ज्यांच्या घरी वार होता त्यांना ठाऊक. माझ्या रागाला त्या मिठाचा काही उपयोग नव्हता.

भाद्रपदात आमचं पर्व येतं. पंचमी ते चतुर्दशी, दहा दिवस. रोज मंदिरात शास्त्राच्या गादीवर बसून गुरुजींनी पोथीचा एक अध्याय वाचायचा, ज्याला जमेल त्यानं उपवास करायचे. काही जण दहाही दिवस अन्न घेत नाहीत. दिवसातून एकदा उकळून निववलेलं पाणी, तेही ऊन असताना, आणि बाकी काही नाही. गावात मुनी कधी येत नसत, म्हणून उपवासाचा नियम गुरुजींकडून, देवासमोर उभं राहून घ्यायचा. यात गुरुजींचा एक शिरस्ता होता. ते एका दिवसाचाच नियम देत. दुसऱ्या दिवशी सकाळी या, उभे राहा, पुन्हा मागा. दहा दिवस करणारा दहा वेळा मागायचा. ते का, हे त्यांनी कधी समजावलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

पंचमीच्या सकाळी भरल्या मंदिरात मी उठले आणि दहा दिवसांचा नियम एकदम मागितला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "एक दिवसाचा घे. उद्याचं उद्या पाहू."

"नाही गुरुजी. दहा."

"रतन, मी कोनालेच दहा एकदम देत नाही."

"तुमीच तं म्हनले, माह्यानं होत नाही म्हनून." मी हे मोठ्यानं म्हटलं. मागं कोणी तरी हसलं, पण या वेळी मला नव्हे.

मंदिराचे पंच गुलाबसा पुढंच बसले होते. देवाच्या कामात हयात गेलेला भला माणूस, पण मंदिराचं नाव म्हटलं की बाकीचं त्यांना दिसायचं नाही. ते म्हणाले, "द्या ना गुरुजी. लेकरू आपल्या तोंडानं मांगून राह्यलं. काहून अडवता?"

गुरुजींनी नियम दिला. मी हात जोडून घेतला. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की आपण जिंकलो.

पहिले पाच दिवस मी हवेत होते. एवढ्या लहान वयाच्या पोरीनं दहा दिवस धरले म्हणून बाया ओट्यावर येऊन गाणी म्हणायच्या, म्हाताऱ्या माझ्या पायांना हात लावायच्या. माझे वडील मोतीसा, कापसाची शेती आणि गावात मान असलेले गृहस्थ. त्यांनी चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी घोडा सांगून ठेवला, वाजंत्री सांगून ठेवली. कारंज्याच्या एका घराण्याकडून माझ्यासाठी विचारणा झाली होती. ती मंडळी नेमकी मिरवणुकीच्या दिवशी यायची होती. वडील उठता बसता म्हणायचे, "पोरीनं नाव काढलं." आई काही म्हणत नव्हती. ती माझं पाणी उकळायची, निववायची, आणि मी पिताना माझ्या गळ्याकडे पाहत बसायची.

गुरुजी रोज दुपारी वर्गाच्या आधी येऊन जायचे. जीभ दाखव म्हणायचे, नखं पाहायचे, नाडी धरायचे. चिडवणं बंद झालं होतं. सहाव्या दिवशी मला पाणीही ठरेना. ते ओकून पडलं. गुरुजी आईला म्हणाले, "आजचा दिवस पाहू." मला त्यांचा आवाज आवडला नाही. हा माणूस आता माझ्या तोंडचं हिसकावून घेणार, असं मला तेव्हाच वाटलं.

आठव्या दिवशी दुपारी माझे पाय गार पडले. भाद्रपदाचं ऊन अंगणात उकळत होतं आणि मला हुडहुडी भरली होती. आई कोण, शांता कोण, ते मला कळेना. हे मला नंतर सांगितलं. मला स्वतःला आठवतं ते असं की आवाज सगळे ऐकू येत होते, आणि तोंड उघडायचं नाही एवढंच मनात पक्कं होतं. वडिलांनी शिरपूरला वैद्यासाठी छकडा पाठवला. तो जाऊन यायला दिवस मावळणार. आणि आमच्यात दिवस मावळला की पाण्याचा थेंबही चालत नाही. जे काय द्यायचं ते उन्हात. नाही तर मग उद्या सकाळी. उद्या सकाळ मला दिसेल की नाही, हे तिथं बसलेल्या कोणालाच सांगता येत नव्हतं.

चार वाजून गेले असतील तेव्हा गुरुजी आले. त्यांनी नाडी धरली, पाय चाचपले आणि आईला म्हणाले, "मूग शिजाले टाका. वरचं पानी पाह्यजे."

आई जागची हलली नाही. "गुरुजी, देवासमोर घेतलेला नियम हाय तिचा. मी माय असली म्हनून काय झालं? त्यात हात कसा घालू?" आणि ती रडायला लागली.

वडील म्हणाले, "नियम मोडला तं तिच्याच जिवाले दोष लागीन ना, गुरुजी? आतापावतर केलेलं सारं वाया जाईन."

तोवर गुलाबसा आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "दोनच दिवस राह्यले. देव पार पाडीन. अशा टायमाले धीर द्यावा, का मोडाले सांगावं?"

ओट्यावर बायांची गाणी चालूच होती. त्यांना आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. गुरुजी उठून बाहेर गेले आणि म्हणाले, "बायांनो, बंद करा." गाणं मधेच तुटलं. ते परत आत आले.

"नियम म्या देल्ला. मीच वापस घेतो."

गुलाबसा चिडले. "नियम असा वापस होते काय? कोन्या शास्त्रात लिवलं, दाखवा."

"दाखवतो. शक्ती पाहून तप करा, असं शास्त्र सांगते. दोन वर्षं झाले, या पोरायकून घोकून घेऊन राह्यलो." गुरुजींचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "शिकवताना मीच आयकलं नाही. म्हनून तं एक-एक दिवसाचा देत होतो मी. ज्याची सकाळी शक्ती असन तो सकाळी मांगीन. हिले मात्र दहा देल्ले. हिनं मले सगळ्यायच्या समोर बोलून देल्लं, आन मले ते सहन नाही झालं."

"गुरुजी, आज तुमी हे मोडलं तं उद्यापासून शास्त्राच्या गादीवर बसता येनार नाही. मी पंच म्हनून सांगून राह्यलो."

"नका बसू देऊ."

"वर्गही राहनार नाही. नियम मोडवनाऱ्यापाशी कोन आपले लेकरं पाठवीन?"

गुरुजींनी दाराबाहेर पाहिलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. त्या वर्गाखेरीज त्या माणसाला जगात काही नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेलेली, मूल नाही, जमीन भावाकडे. अकरा पोरं आणि एक पोथी. गुलाबसांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते दारातून बाजूला झाले.

"मोतीसा," गुरुजी माझ्या वडिलांना म्हणाले, "दिवस चालला. मूग तुमी टाकता, का मी टाकू?"

वडील खाली बसले आणि त्यांनी तोंड हातांत घेतलं. गुरुजींनी हातपाय धुतले आणि आमच्या चुलीपाशी जाऊन बसले. आयुष्यभर वाराचं जेवलेला माणूस. चूल कशी पेटवतात हेही त्यांना नीट येत नव्हतं. ते धुरात फुंकत बसलेले पाहून आई उठली. तिनं त्यांच्या हातातली फुंकणी घेतली आणि म्हणाली, "सरका."

मुगाचं पाणी आलं तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या कडेला होतं. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. मी दात घट्ट आवळले. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. मी डोळे उघडले आणि गुरुजींकडे इतक्या द्वेषानं पाहिलं की ते अजून मला आरशात दिसल्यासारखं दिसतं.

ते माझ्याजवळ वाकले. "रतन, आयक. मी तुले चिडवलं म्हनून तू उठली. हा उपास तुह्या नाही, माह्या जिभेचा आहे. मोडला तं माह्या मोडला. दोष मले. तू फक्त गीळ."

मी मान फिरवली. आईनं दुसरा चमचा लावला. आणि आता जे सांगते ते मी आयुष्यात फार थोड्यांना सांगितलं आहे. कोणी माझं तोंड बळानं उघडलं नाही. त्या कोमट पाण्याची चव जिभेला लागली आणि तोंड आपणहून उघडलं. मी चमच्याच्या मागं मान उचलत गेले. वाटी संपली तेव्हा मी आईचा हात धरून आणखी मागत होते, सगळ्यांच्या देखत. गुरुजी उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं दिवस मावळला.

मी वाचले. वैद्य दिवेलागणीला आले, त्यांनी नाडी पाहिली आणि आज पोटात काही गेलं नसतं तर आपलं येणं फुकट होतं, असं वडिलांना स्पष्ट सांगितलं. त्याचा उपयोग काही झाला नाही. पंचांचं बोलणं होऊन गेलं होतं, गुरुजींची गादी आणि वर्ग दोन्ही गेले. दुसऱ्या दिवशी नववा अध्याय गुलाबसांनी वाचला, अडखळत. घोड्याला नाही म्हणून निरोप गेला. कारंज्याची मंडळी आली, जेवली, आणि पोरीची प्रकृती नाजूक दिसते म्हणून परत गेली.

गावाला वाटलं, बरं झालं पोरगी वाचली. मला मात्र तसं वाटलं नाही. माझं नाव, माझी मिरवणूक, माझं स्थळ, सगळं या माणसानं घालवलं, आणि वर माझं तोंड उघडलेलं पाहिलं. चौदा वर्षांच्या पोरीला मरणाची भीती कमी असते, लाजेची जास्त. चार दिवस मी पेज पीत पडून होते आणि मनात दुसरं काही नव्हतं.

पर्व संपल्यावर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात क्षमावणी असते. सगळे मंदिरात जमतात आणि वर्षभरात जे दुखवलं असेल त्याची एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात. बहुतेकांचं ते तोंडदेखलं चालतं. ज्यांचं खरोखर भांडण आहे ते नेमके एकमेकांना चुकवून खांबाच्या दुसऱ्या बाजूनं निघून जातात. समोरच्यानं हात जोडले तर आपणही जोडायचे आणि 'क्षमा' म्हणायचं, एवढाच विधी. तो कोणी नाकारल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आईनं मला धरून नेलं आणि ओसरीतल्या खांबाला टेकवून बसवलं. गुरुजी आले. त्या दिवशी ते कोणाकडे वळले नाहीत, सरळ माझ्यापाशी आले. शेजारी वर्गातली सगळी पोरं होती, गुलाबसा होते, माझे वडील होते. गुरुजींनी हात जोडले.

"रतनबाई, मी चुकलो. मले क्षमा कर."

मला तोवर कोणी 'बाई' म्हटलं नव्हतं. वर्गातली पोरं डोळे फाडून पाहत होती, कारण तो शब्द त्यांनीही या तोंडून कधी ऐकला नव्हता. आईनं मला कोपरानं ढोसलं. शांता हळूच म्हणाली, "म्हन ना वं." मी भिंतीकडे तोंड केलं.

ते थांबले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्यांची पावलं दिसत होती. धुळीनं भरलेली, टाचा फुटलेली. पावलं बराच वेळ हलली नाहीत. मग गुलाबसाच पुढं आले, त्यांनी गुरुजींपुढं हात जोडले, आणि लोकांनी आपापलं क्षमा मागणं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आसेगावला बहिणीकडे निघून गेले. जाताना पोथी त्यांनी गुलाबसांच्या हातात दिली, आणि पाणी गाळायची कापडं पोरींनी दर आठवड्याला बदलावीत, असं सांगून गेले.

पुढं माझं लग्न मंगरुळपीरला झालं. आसेगाव तिथून बैलगाडीनं एका सकाळचं. गुरुजींचं दर क्षमावणीला कार्ड यायचं. पहिलं वडिलांच्या पत्त्यावर आलं, मग सासरी. मजकूर एकच. "रतनबाईस, माझ्याकडून जे दुखावलं असेल त्याची क्षमा असावी. पासूसा." सहा वर्षांत सहा कार्डं. आमच्यात क्षमावणीच्या कार्डाला उत्तर न देणं म्हणजे क्षमा नाकारणंच.

पहिली तीन वर्षं मी रागानं लिहिलं नाही. मग माझा थोरला तापानं पडला. दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं आणि मी चमचा घेऊन त्याच्या मिटल्या ओठांपुढं बसले होते. "गीळ रे राजा, फक्त गीळ," म्हणत होते. ते शब्द तोंडातून गेले आणि कोणाचे ते मला कळलं. राग त्या दुपारी संपला. पण लिहिलं त्यानंतरही नाही. इतक्या उशिरा काय लिहायचं, याची लाज वाटायला लागली होती. पुढच्या वर्षी लिहू, या वर्षी प्रत्यक्ष जाऊ, असं करत आणखी तीन कार्डं आली.

सातव्या वर्षी कार्ड आलं नाही.

मी आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली आणि नवव्या दिवशी छकडा जुंपायला लावला. आसेगावला गुरुजींची बहीण अंगणात तुरी पाखडत होती. मी नाव सांगितलं तशी तिनं सूप खाली ठेवलं. "आषाढात गेला," ती म्हणाली. "तीन दिवस ताप आला, बस. तू रतन काय? दर वर्षी कार्ड टाकलं का पंधरा दिवस पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसे. मी म्हनो, दादा, नाही लिवत तं सोड ना आता. तं म्हने, तिचा काई दोष नाही. मांगनं माह्यं काम आहे, देनं तिचं."

मग ती उठली, पदर सावरला आणि माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "मले सांगून गेला वं बाई. रतन कधी आली तं माह्याकून हात जोडजो म्हने."

मी तिचे हात धरले. क्षमा केली म्हटलं, मीच चुकले म्हटलं, गुरुजी म्हणून मोठ्यानं हाका मारल्या. जे जे इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलं होतं ते सगळं त्या अंगणात बोलून झालं. बहीण रडली, मी रडले, तिनं मला पाणी दिलं. परत येताना गाडीवान म्हणाला, मन मोकळं झालं, बरं झालं बाई.

लोक तसंच सांगतात. माणूस गेला तरी मनापासून मागितलेली क्षमा त्याला पोचते म्हणतात. मी पन्नास वर्षं धर्माचं वाचत आले, मंदिरात पोरींना शिकवत आले, आणि मला ते अजून पटलेलं नाही. माणूस समोर लागतो. गुरुजी माझ्यासमोर हात जोडून उभे होते तेव्हा मी भिंतीकडे पाहत होते.